दादाचं दीड किलोमीटर

"पोहायचं किती आहे?" दादानं विचारलं.

तो माझ्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. ऊन अजून पुरतं रस्त्यावर उतरलं नव्हतं, तरी त्याच्या तोंडाला वास येत होता. आत काउंटरला टेकून सलीमभाई मुजावर उभे होते. सलीमभाई ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायचे. लहानपणी ते आणि दादा एकत्रच कृष्णेत पोहायला शिकले होते.

"दीड किलोमीटर," सलीमभाई म्हणाले.

"नदीत?"

"नदीत नाही रे. हरणोळीच्या तलावात. मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं. एकट्यानं सगळं करायचं, नाहीतर तिघांनी वाटून. आम्ही तिघं होतो. पोहणाऱ्याचा खांदा निखळला काल."

हरणोळीला गावकऱ्यांनी तो उत्सव सुरू केला होता, त्याचं ते दुसरंच वर्ष. मार्गशीर्षातला एक शनिवार-रविवार. आदल्या वर्षी आम्ही नुसते बघायला गेलो होतो. पळणं ही माझी तेव्हाची एकमेव चैन होती. भल्या पहाटे आमराईत चकरा मारायच्या आणि मग दिवसभर दुकान. त्यामुळे सलीमभाईंनी विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं होतं. आता पोहणाराच नाही म्हटल्यावर आमचा संघ मोडल्यातच जमा होता.

"मी येतो की," दादा म्हणाला.

मी औषधाची पट्टी कापत होते, ती तशीच हातात राहिली. सलीमभाई हसले नाहीत. ते म्हणाले, "श्रीपाल, पिऊन पाण्यात उतरू देत नाहीत तिथं. तोंडात नळी घालून तपासतात."

"मग नाही पिणार."

एवढंच बोलून तो उठला आणि निघून गेला.

मी त्याची बहीण. पद्मजा मगदूम. त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी. दादाची दारू सुटावी म्हणून काय काय केलं होतं ते मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहीत असतं. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून झालं, जैन महाराजांसमोर न पिण्याचा नियम घेऊन झाला, आई अंथरुणाला खिळलेली असताना तिच्या पायावर हात ठेवून झाला. दर वेळी काही दिवस जायचे आणि एखाद्या संध्याकाळी तो घरी उशिरा यायचा. साखर कारखान्यातली नोकरी गेली. शैलजावहिनी लहानग्या चंदनाला घेऊन इचलकरंजीला माहेरी गेली. शेवटी दादा एका ओळखीच्याच्या टायरच्या दुकानात बिलं लिहायला बसू लागला आणि त्याच दुकानाच्या वरच्या खोलीत राहू लागला. आई गेल्यावर त्याला कुणी काही म्हणेनासं झालं. मी रोज सकाळी त्याला चहा पाजायचे, तो पायरीवर बसायचा, आणि आम्ही दोघं दारूचा विषय काढायचो नाही.

म्हणून त्याच्या त्या "नाही पिणार"वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीवर आला तेव्हा चहाचा कप त्याला धरता येईना. दोन्ही हात लटलट कापत होते. अंगाला घाम होता. मी औषधांच्याच धंद्यातली. अचानक बंद केलं की काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. दुकान तसंच टाकून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. सलीमभाई कॉलेजातून परस्पर आले आणि गोळ्या घेऊन त्याला स्वतःच्या घरी घेऊन गेले. तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दादाला भिंतीवर मुंग्या दिसायच्या, तो अंगावरची चादर फाडायचा, आईला हाका मारायचा. सलीमभाई त्याच्याजवळ पेपर तपासत बसायचे.

आठवडा संपला आणि दादा दाढी वाढलेल्या, ओढलेल्या चेहऱ्यानं माझ्या दुकानात आला. "पोहायचा चष्मा मिळतो का गं कुठं?" म्हणाला.

नदीला तेव्हा पूर होता. त्यामुळे महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर सुरुवात झाली. पहिल्या दिवशी एक फेरी पुरी करता आली नाही. मध्येच कठड्याला धरून तो ओकला. शेजारच्या पट्ट्यात पोहणाऱ्या मुलींनी तोंडं फिरवली. मी काठावर टॉवेल घेऊन बसले होते. मला वाटलं, आता हा बाहेर येईल, कपडे घालेल आणि सरळ गुत्त्यावर जाईल. त्यानं तोंड धुतलं आणि परत पाण्यात गेला.

कधीकाळी हाच माणूस पुराच्या पाण्यात माई घाटावरून उडी टाकून पलीकडे सांगलवाडीला निघायचा. त्याचं पोहणं बघायला घाटावर माणसं थांबायची. ते त्याच्या अंगातून पुरतं गेलं नव्हतं. गणपती झाले, दसरा झाला. नदीचं पाणी निवळलं तसं तो आणि सलीमभाई घाटावर जायला लागले. त्याचा रंग बदलला. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. दिवाळीत त्यानं माझ्याकडे दोनदा मागून चिरोटे खाल्ले. मी त्याला कधी विचारलं नाही की आता कायमची सोडलीस का. बोलायची भीती वाटायची. सलीमभाईंनी मात्र एकदा विचारलं, मी समोर होते.

"इतके दिवस झाले, श्रीपाल. या वेळी कसं काय जमलं?"

दादानं खांदे उडवले. "या वेळी कुणी सोड म्हणालं नव्हतं."

उत्सवाच्या आधी पंधरा-वीस दिवस मी इचलकरंजीला फोन लावला. शैलजावहिनीनं सगळं ऐकून घेतलं.

"पद्मा, मी किती वेळा विश्वास ठेवायचा?"

"विश्वास ठेव म्हणत नाही मी. बघायला या. चंदनाला घेऊन ये. तो पाण्यात कसा पोहतो ते तिनं कधी पाहिलेलंच नाही."

"तिनं जे पाहिलंय ते पुरे आहे."

तिचं खरं होतं. चंदना सहा वर्षांची असताना दादानं तिला पिऊन स्कूटरवर पुढं उभं केलं होतं. मिरज रस्त्यावर गाडी घसरली. दादाला खरचटलंसुद्धा नाही. चंदनाचं डावं कोपर मोडलं. दोन ऑपरेशनं झाली, पण हात पुरता सरळ झालाच नाही. त्यानंतरच वहिनी गेली होती. आता चंदना पंधरा वर्षांची होती.

"तिला विचारते," वहिनी शेवटी म्हणाली. "ती म्हणाली तर येऊ."

शनिवारी सकाळीच आम्ही तिघं सलीमभाईंच्या गाडीतून हरणोळीला गेलो, गाडीच्या टपावर सायकल बांधून. तलावाच्या बांधावर पताका लावल्या होत्या. शाळेच्या मैदानात मांडव होता. गावातल्या बायकांनी चुली मांडून पिठलं-भाकरीचं दुकान थाटलं होतं. हलगी वाजत होती. पुण्या-मुंबईची माणसं भारी सायकली ढकलत फिरत होती आणि गावातली म्हातारी माणसं त्या सायकली उचलून बघून "अगदीच हलकी आहे की," म्हणत होती. दुपारी शाळेतल्या पोरांची छोटी शर्यत झाली. बांधाच्या कडेला उथळ पाण्यात थोडं पोहायचं, मैदानाला सायकलच्या दोन फेऱ्या आणि पारापर्यंत पळत जायचं. एक मुलगी भलत्याच पोराची सायकल घेऊन पळाली. तिच्यामागून तो मुलगा रडत धावला आणि सगळं गाव हसलं. दादाही हसला. त्याला असं मोकळं हसताना मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

आमचे नंबर घेऊन आम्ही बांधावर बसलो. दादा तलावाकडे बघत होता. पाण्यात पिवळ्या रंगाचे मोठे फुगे तरंगत होते, त्यांना वळसा घालून यायचं होतं.

"दादा," मी म्हटलं, "उद्या वहिनी येणार आहे. चंदनाला घेऊन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"चंदनापण?"

"तीच जाऊया म्हणाली म्हणून येतायत."

त्यानं दाढीवरून हात फिरवला. मग सलीमभाईंना म्हणाला, "सलीम, वस्तरा आणलायस का रे?"

त्या संध्याकाळी त्यानं दाढी केली. गाल आत गेलेले, हनुवटीवर लहानपणीची खूण. आम्ही तिघं पिठलं-भाकरी जेवलो. दादा एवढंच म्हणाला, "तिला माझा आवाज तरी ओळखू येईल का?" सलीमभाई म्हणाले, "तुझा आवाज कुणीही ओळखेल. घसा बसलेल्या बेडकासारखा आहे." तेवढ्यावर तो झोपायला गेला.

रविवारी पहाटे पाण्यावर धुकं होतं. गार वारा सुटला होता. पोहणारे सगळे टोप्या घालून काठावर उभे होते, आणि दादाच्या दंडावर काळ्या शाईनं आमच्या संघाचा आकडा लिहिला होता. त्याच्या घोट्याला वेळ मोजायचा पट्टा होता. पाण्यातून आल्यावर तोच काढून सलीमभाईंच्या घोट्याला बांधायचा, आणि त्यांनी सायकलवरून आल्यावर माझ्या. तोंडात नळी घालून तपासणारा माणूस दादापाशी आला. दादानं फुंकलं. त्या माणसानं मान हलवली आणि पुढं गेला. त्याच्यासाठी ते काहीच नव्हतं. मी मात्र तोंडावर ओढणी धरून उभी होते.

वहिनी आणि चंदना आल्या तेव्हा भोंगा वाजून गेला होता. चंदना उंच झाली होती, दादासारखी. तिनं मला नमस्कार केला आणि विचारलं, "आत्या, बाबा कुठले?"

पाण्यात नुसत्या रंगीत टोप्या दिसत होत्या. "तो बघ," मी उगाचच कुठंतरी बोट दाखवलं. आणि मग खरंच दिसला. धुकं विरळ झालं होतं. पहिल्या काही जणांच्या मागोमाग एक माणूस येत होता, बाकीच्यांसारखी धडपड नाही, पाणी कापत नाही तर पाण्यावरून सरकत असल्यासारखा. त्याचा हात वर यायचा आणि कुठं शिंतोडा न उडवता आत जायचा. माझ्याच नकळत मी चंदनाचा हात धरला होता.

"हे बाबा?" ती म्हणाली.

"हो."

तो काठावर आला, अडखळला, उठला, आणि गुडघाभर पाण्यातून पळत सुटला. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या चंदनाजवळून जाताना त्यानं तिला पाहिलं. थांबला नाही. सलीमभाईंजवळ जाऊन खाली वाकला, पट्टा सोडवून त्यांच्या घोट्याला बांधला, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. सलीमभाई सायकल घेऊन गेले. दादा तिथंच मांडी घालून बसला. धाप लागलेली, आणि चेहऱ्यावर असं काही, की मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

सलीमभाई परत यायला बराच वेळ होता. आम्ही मांडवाच्या कडेला चिंचेखाली जाऊन बसलो. वहिनीनं डब्यातून घरचे लाडू काढले आणि दादासमोर ठेवले. तो टॉवेल गुंडाळून बसला होता. मी पाय मोकळे करत शेजारीच होते.

चंदनाच बोलायला लागली. "बाबा, तुम्ही कधीपासून सोडलीत?"

"श्रावणापासून."

"खूप त्रास झाला?"

"पहिला आठवडा झाला. मग नाही."

"आठवडाच?"

"आठवडाच." तो हसला. "तुझ्या सलीमकाकांना विचार. त्यांना जास्त झाला."

चंदना विचार करत होती. डावा हात मांडीवर घेऊन ती कोपराजवळ अंगठा फिरवत होती. ती सवयच होती तिची.

"मला वाटायचं, ती सोडताच येत नाही," ती म्हणाली. "आई सांगायची, तो आजार आहे, बाबांच्या हातात नाही. शाळेत मैत्रिणींनी काही विचारलं की मी तेच सांगायचे. आणि मला रात्री भीती वाटायची, की आपल्याला पण होईल का तो." मग तिनं दादाकडे बघितलं, अगदी निर्मळ, आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, आजार नव्हता."

"हो," दादा म्हणाला.

त्यानं लाडू उचलला, अर्धा मोडून तिला दिला. मी बुटाची नाडी बांधत होते. मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट आठवतं. मला वाटलं, झालं, जुळलं.

सलीमभाई आले ते घामानं निथळत. पट्टा माझ्या घोट्याला आला आणि मी पळाले. तलावाला वळसा घालून, शाळूच्या शेतांतून रस्ता होता. गावातली माणसं दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, पोरं पाण्याचे पेले पुढं करत होती. मी आयुष्यात तशी कधी पळाले नव्हते. पाय दुखतच नव्हते. शेवटच्या वळणावर दादा आणि सलीमभाई माझी वाट बघत उभे होते. तिघांनी मिळून शेवटची कमान ओलांडायची, अशी तिथली पद्धत होती. दादानं माझा हात धरला. चंदना समोरून फोटो काढत होती. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात आम्ही तिघंही वेड्यासारखे हसतोय.

दुपारी मांडवात एकाच पंगतीला आम्ही पाच जण जेवलो. वहिनीनं दादाच्या ताटात ठेचा वाढला. तिला अजून लक्षात होतं, त्याला किती लागतो ते. जेवता जेवता चंदना म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मोठ्या मुलांच्या गटात मी उतरू? मला शिकवाल पोहायला?"

"शिकवतो."

"हा हात सरळ होत नाही. चालेल?"

दादानं घास खाली ठेवला. "चालेल," म्हणाला. "पाण्यात चालतं."

"मग सुट्टीत येते मी सांगलीला."

जेवण झाल्यावर तो त्या दोघींना एसटीला बसवायला गेला. वहिनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मैदानात बक्षीस समारंभ सुरू झाला. आमच्या वयोगटात आमचा तिसरा नंबर आला होता. नाव पुकारलं तेव्हा दादा परतला नव्हता. सलीमभाई आणि मी दोघंच पुढं गेलो. त्याचं पदक मी गळ्यात न घालता हातात धरून ठेवलं.

समारंभ संपल्यावर आम्ही त्याला शोधत स्टँडवर गेलो. गाडी कधीच गेली होती, तिथल्या माणसानं सांगितलं. उंच माणूस ना, तो असा फाट्याकडे गेला, म्हणाला. सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही फाट्याकडे निघालो.

फाट्यावर एक ढाबा होता. मागच्या बाजूला पत्र्याखाली खुर्च्या टाकल्या होत्या. दादा एकटाच बसला होता. दंडावरचा आकडा अजून तसाच होता. समोरची बाटली निम्म्याहून खाली गेली होती. आम्हाला पाहून तो दचकला नाही, लपवायला गेला नाही.

सलीमभाई लांबच थांबले. मी त्याच्यासमोर बसले.

"दादा, का?"

"बस."

"का, सांग आधी. कुणी काही बोललं? वहिनी काही बोलली?"

"शैला काही बोलली नाही. एसटीत बसताना मला म्हणाली, तब्येतीला जप." त्याची जीभ अजून जड झाली नव्हती, नीट बोलत होता. "पदू, मी दीड किलोमीटर पोहण्यासाठी सोडली. दीड किलोमीटर. आठवडाभर हात कापले आणि सुटली."

"मग चांगलंच झालं की."

"तिचं कोपर मोडलं तेव्हा का नाही सोडली?"

मी हातातल्या पदकाची फीत बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"आई पडून होती तेव्हा का नाही सोडली? शैला दारात बॅग घेऊन उभी होती तेव्हा? तेव्हा मी काय म्हणायचो आठवतंय? माझ्या हातात नाही म्हणायचो. डॉक्टरपण म्हणायचे. तुम्ही सगळे म्हणायचात. मीपण धरून चाललो होतो." त्यानं पेला उचलला आणि परत ठेवला. "आज पोरगी म्हणाली, बरं झालं, आजार नव्हता."

"अरे, ती चांगल्या मनानं म्हणाली. आनंदानं म्हणाली ती."

"माहितीय. म्हणून तर." तो माझ्याकडे बघून हसल्यासारखं करत होता. "आज तिला कळलं नाही ती काय म्हणाली ते. पंधराची आहे. विशीत येईल तेव्हा कळेल. मग एक दिवस कोपर बघेल आणि माझ्याकडे बघेल."

"दादा, ऐक माझं. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. ज्याच्या त्याच्या वेळेला सुटते. आणि समजा तू म्हणतोस तसं असलं, येत होती सोडता, तर आताही येईल. जे झालं ते झालं. ती सुट्टीत येणार आहे. तिला शिकव."

"आणि रोज तिचा तो हात पाण्यात बघू?"

मी त्याला खूप काही बोलले. रडले, रागावले, पदक त्याच्यासमोर टेबलावर आपटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. कुठल्याच गोष्टीला त्यानं नाही म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "पीत होतो तेव्हा लोकांना दाखवायला तोंड तरी होतं गं, पदू. न पिता मला कुणाकडे बघता येत नाही."

सलीमभाईंनी त्याला धरून गाडीपर्यंत नेलं. उत्सव उठत होता. पोरं पताका काढत होती. सांगलीपर्यंत तो मागच्या सीटवर झोपून होता.

त्यानंतर त्यानं एकदाही सोडून बघितली नाही. पूर्वी तो लपून प्यायचा, शपथा घ्यायचा, मोडायचा, रडायचा. आता त्यातलं काहीच उरलं नाही. नियमानं कामावर जावं तसा तो प्यायला जायचा. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याला घेऊन या. तो आला नाही. सलीमभाई रोज सकाळी घाटावर जाताना त्याच्या खोलीखाली थांबून हाक मारायचे. कितीतरी महिने मारायचे. मग त्यांचंही पोहणं बंद झालं.

वैशाखात चंदना ठरल्याप्रमाणे आली. नवा पोहायचा पोशाख घेऊन आली होती. मी तिला तलावावर घेऊन गेले. दादाला सांगून ठेवलं होतं, त्यानं येतो म्हटलं होतं. आम्ही दोघी कठड्यावर पाय सोडून बसून राहिलो. पोहणारे आले, पोहून गेले. शेवटी शिपाई फाटक लावायला आला, तेव्हा ती उठली. म्हणाली, "चल आत्या." दुसऱ्या दिवशी ती इचलकरंजीला परत गेली.

तिसऱ्या वर्षी दादा गेला. पोटात पाणी झालं होतं. मिरजेला दवाखान्यात शेवटचे काही दिवस सलीमभाई आणि मी आळीपाळीनं थांबायचो. शुद्धीत असला तर तो बोलायचा नाही आणि बेशुद्धीत काहीबाही बोलायचा, त्यातलं काही कळायचं नाही.

दहाव्याला चंदना आली, एकटीच. तेव्हा ती कॉलेजात होती. सगळे पाहुणे गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरात ती खुर्ची ओढून बसली. सलीमभाई होते. मी चहा टाकला होता.

"आत्या, एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार."

"हरणोळीला त्या दिवशी मी बाबांना एक बोलले होते. आजार नव्हता, बरं झालं, असं. तेव्हा मला काही वाटलं नाही. नंतर आठवायला लागलं. ते त्याच दिवसापासून परत प्यायला लागले ना?"

मी गॅस बारीक केला.

"इतके महिने त्यांनी सोडली होती," ती म्हणाली. "आणि मी भेटले त्याच दिवशी. मी बोलले म्हणून का?"

तिचा आवाज स्थिर होता. पण डाव्या कोपरावर तिनं उजवा हात असा दाबून धरला होता, की बोटं पांढरी पडली होती. ही मुलगी हा प्रश्न किती दिवस घेऊन फिरत होती कुणास ठाऊक.

"नाही गं," मी म्हटलं. "त्यानं सोडलीच नव्हती."

तिनं मान वर केली.

"आम्हाला तसं सांगायचा. सलीमकाकांकडे होता तेव्हाही चोरून प्यायचा. शर्यतीच्या आदल्या दिवशी तेवढी घेतली नसेल, तपासतात म्हणून. तू आलीस काय, न आलीस काय. तू बोललीस काय, न बोललीस काय. त्याचं चालूच होतं."

"खरंच?"

"खरंच. तुला कशाला सांगायचं म्हणून नाही सांगितलं."

ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि समोर बघायचं टाळत होते, कारण समोर सलीमभाई बसले होते. ते सगळे महिने दादानं थेंबाला शिवलं नव्हतं हे या जगात माझ्याखेरीज त्यांनाच माहीत होतं. तो आठवडाभर त्याचे हात धरून तेच बसले होते. पहाटे अंधारात घाटावर तेच त्याच्याबरोबर उतरले होते.

चंदनानं तोंड पुसलं. "काका," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

सलीमभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"हो बेटा," ते म्हणाले. "मला वास यायचा."